दुपारची झोप नगण्य

...आणि वर मलाच म्हणतात, बाई, शांत व्हा. अहो, शांतच आहे मी, जन्मभर शांतच आहे. तुम्हाला सांगते, मी भांडणारी बाई नाही. रांगेत कुणी पुढे घुसलं तर मीच बाजूला होते, म्हणते जाऊ दे, घाई असेल तिला. पण भर सभेत, सगळ्या वस्तीसमोर, एक शिकलेली बाई माइकवरून वाचून दाखवते की किनाऱ्यावर नौदलाचा नवा धक्का होणार, त्यासाठी पाण्याच्या तळात लोखंडी खांब ठोकणार, वर्ष-दोन वर्षं ठोकतच राहणार, आणि त्याचा माझ्या पाळणाघरावर परिणाम काय... तर नगण्य. आता कोण शांत बसेल, सांगा बघू?

माझं पाळणाघर म्हणजे आमच्याच घराची पाण्याकडची मोठी खोली. लोकांना वाटतं पाळणाघर चालतं खेळण्यांवर, नाहीतर गाण्यांवर. कसलं काय, पाळणाघर चालतं दुपारच्या झोपेवर. मूल दुपारी झोपलं तर संध्याकाळी आईच्या कडेवर हसत जातं. नाही झोपलं तर रस्ताभर किंचाळत जातं, रात्री घरात गोंधळ घालतं, आणि सकाळी आई दुसरं पाळणाघर शोधायला लागते. म्हणून जेवणं झाली की मी पडदे ओढते, चादरी अंथरते, आणि एकेकाला थोपटत बसते. त्या वेळात आमचे हेसुद्धा घरात चपला हातात घेऊन चालतात.

मग हे नगण्य आलं कुठून? तर ऐका. काम सुरू व्हायच्या आधी त्यांना मोजायचं होतं म्हणे, की इथे आत्ता किती आवाज आहे. म्हणजे पुढे खांबामुळे किती वाढला ते कळेल. चांगली गोष्ट आहे. एक यंत्रवाला आला, बिचारा घामाघूम, आणि ते आवाज मोजायचं यंत्र बाहेर कठड्यावर लावायला लागला. आणि मी, मीच हो, माझी जीभ झडली नाही, मी म्हटलं, "अरे, तिथे ऊन लागेल त्याला. आत खिडकीपाशी लाव, सावलीत." तो म्हणाला, "मावशी, तुमचं रोजचं चालतं तसं चालू द्या." मी म्हटलं, बरं.

आणि रोजचं काय चालू होतं? नवीन मुलांचा पहिला आठवडा! कुठल्याही पाळणाघरवालीला विचारा हा आठवडा काय असतो. आई दाराबाहेर पडली की एक सूर लावतो, त्याला दुसरा साथ देतो, दुसऱ्याचं बघून जुनी, रुळलेली मुलंही म्हणतात आपण कशाला मागे राहायचं. त्यात आमचा भोंगा. खरं नाव सांगत नाही, गोड मूल आहे, पण रडायला लागला की समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्या लावतात. तो नेमका त्या यंत्राखालीच बसून रडला. आठवडाभर. यंत्राने सगळं टिपून घेतलं, कौतुकाने.

आणि सभेत त्या अहवालवाल्या बाई काय वाचतात? "पाळणाघर. सध्याची आवाजाची पातळी अति उच्च. खांब ठोकल्याने होणारी वाढ नगण्य." अख्खी सभा मान वळवून माझ्याकडे बघते, जसं काही मीच घरात कारखाना टाकलाय. शेजारी बसलेले आमचे हे मान हलवत म्हणतात, "तरी मी म्हणतच होतो." आता यांना आत्ताच बोलायचं होतं का?

मी भांडणारी बाई नाही. पण उठले. माइक कसा धरतात तेही ठाऊक नाही मला, भाजीची जुडी धरावी तसा धरला आणि म्हटलं, "साहेब, तो आवाज नव्हता, मुलं रडत होती."

व्यासपीठावर बसलेले ते नौदलाचे साहेब फार सभ्य होते, अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, रडणं हाही आवाजच."

"अहो, पण मूल थोपटलं की गप्प होतं. तुमच्या खांबाला कोण थोपटणार?"

लोक हसले. साहेबही हसले. हसून झाल्यावर त्या बाई शांतपणे पुढे वाचायला लागल्या, पक्ष्यांचं. किनाऱ्यावर अंडी घालणारे पक्षी आहेत, त्यांना त्रास नको म्हणून सकाळी आणि संध्याकाळी काम बंद. मी पुन्हा उठले. "मग ठोकणार कधी?"

"दुपारी," त्या म्हणाल्या.

बघा म्हणजे. पक्ष्यांशी माझं वैर नाही, त्यांची पिल्लं त्यांना प्यारी. पण माझ्या खोलीतल्या पिल्लांसाठी मी मागत काय होते? दुपारचे दोन तास. धक्का बांधू नका असं एका शब्दाने म्हटलं नाही. बांधा, खुशाल बांधा, देशाचं काम आहे, फक्त तेवढे दोन तास ठोकू नका. तर साहेब म्हणाले, पुन्हा मोजू.

पुन्हा मोजायला तोच यंत्रवाला आला. या खेपेला मी तयार होते. नवीन मुलं रुळलेली, पडदे ओढलेले, भोंगासुद्धा अंगठा चोखत गाढ. खोलीत श्वास तेवढे ऐकू येत होते. यंत्रवाला दबक्या आवाजात म्हणाला, "वा मावशी, काय शांतता आहे." माझी छाती अशी फुगली म्हणता! आणि तेवढ्यात तिकडे पाण्यात त्यांनी चाचणीचा पहिला खांब ठोकला. धाड. भिंतीवरचं घड्याळ हललं. भोंगा ताडकन उठून बसला, माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याला फसवलंय, आणि लावला सूर. मागोमाग सगळी फौज. यंत्रवाला यंत्राकडे बघतोय, मुलांकडे बघतोय, आणि शेवटी मान खाली घालून म्हणतो, "मावशी, खरं सांगू का, खांबापेक्षा मुलंच जास्त भरतायत."

"अरे पण खांबामुळेच रडतायत ना ती!"

"ते मला कळतं हो. याला कारण कळत नाही, याला आकडा कळतो."

मी भांडणारी बाई नाही, म्हणून त्याला पाणी दिलं आणि जाऊ दिलं. पुढे दुपारचं ठोकणं रोजचंच झालं, आणि दोघी-तिघी आया दुसरं पाळणाघर कुठे आहे का विचारायला लागल्या. एक तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मावशी, तुमच्यासारखं कुणी सांभाळणार नाही, पण रात्रभर जागून मी नोकरी कशी करू?" काय सांगणार तिला? परिणाम नगण्य आहे म्हणून?

आणि मग एक दिवस निरोप आला. तुमच्या तक्रारीचा विचार झाला, आवाज अडवणारा पडदा मंजूर. अहो, मी नाचायचीच बाकी होते. त्या आईला फोन करून म्हटलं, थांब गं, चार दिवस थांब. माणसं आली, शिड्या आल्या, जाडजूड काळे पत्रे आले, आणि ठोकायला लागले कुठे, तर माझ्याच खिडक्यांवर. खांबाच्या बाजूला काही नाही. मी धावत जाऊन विचारलं, अरे, हे काय? तर मुकादम म्हणतो, "बाई, पाळणाघराचा आवाज फार आहे ना, पक्ष्यांना त्रास होतो."

आता वारा नाही, उजेड नाही, दुपारी दिवे लावून मुलं झोपवते. खांब ठोकला की आवाज वरच्या छपरातून येतो, आत येऊन घुमतो, आणि मुलांचं रडणं बाहेर जातच नाही, माझ्याच डोक्यावर आदळतं. ती आई थांबली नाही. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. भोंगा तेवढा आहे अजून, त्याला दुसरीकडे कुणी घेत नाही.

कालच अहवालवाल्या बाई येऊन गेल्या, पडदा नीट बसलाय का बघायला. खूश होत्या. म्हणाल्या, पक्षी आता अगदी निवांत बसतात अंड्यांवर.

म्हटलं, बरं झालं बाई. त्या बाजूची पिल्लं तरी झोपतील.