मान वळवणारा बाहुला

मुलगी : सही कर म्हटलं की करायची, आई. दोन ओळींचा तर कागद आहे. त्यात एवढं काय वाचतेस?

आई : वाचू दे गं. इथे उजेड नाही नीट.

मेस्त्री : थांबा वहिनी, दिवा लावतो. या पडद्यामागे माझ्याशिवाय कोणी फिरकत नाही, म्हणून एकावर भागवतो. तुम्ही इतकी वर्षं दर सोमवारी होडीतून गेलात, पण बाहुल्यांच्या मागच्या बाजूला आज पहिल्यांदाच आलात.

आई : मागून सगळे उघडेच आहेत हो.

मेस्त्री : पुढून कपडे, मागून नुसतं लोखंड. होडीतल्यांना मागचं दिसतंय कुठे! राजाच्या अंगरख्यालासुद्धा पाठ नाही.

मुलगी : काका, गप्पा नंतर. चार वाजता बैठक आहे. आई, पुन्हा एकदा सांगते. ‘राजाचा बाजार’ची ही होडीची सफर आहे तशी ठेवायची की नवी करायची, यावरून बागेच्या ऑफिसात दोन तट पडलेत. निर्णय कुणालाच अंगावर घ्यायचा नाही. चोराच्या बाहुल्याला बाबांचा चेहरा आहे, म्हणून तुझ्यावर ढकललंय. तू ‘काढा’ असं लिहून दिलंस तर बाहुला निघेल. नाही दिलंस तर राहील.

आई : निघाला की कुठे ठेवतील?

मुलगी : भंगारात.

आई : असं तोडून बोलू नये.

मुलगी : मग कसं बोलू? पुढच्या बुधवारी माझ्या मुलीच्या शाळेची सहल इथेच येतेय. सात वर्षांची आहे ती. तिच्या आजोबांना खांबाला बांधलंय आणि शिपाई काठीने झोडपतोय, हे बघून अख्खी होडी हसणार. मी हसले होते. चौथीत. सगळे हसले म्हणून मीही हसले. मग मागून एकजण ओरडली, ‘अगं, हा तर तुझा बाप!’ अजून कानात आहे ते.

आई : मला सांगितलं नव्हतंस कधी.

मुलगी : काय सांगणार? तू दर सोमवारी नीट केस विंचरून तेच बघायला येतेस.

मेस्त्री : पोरी, त्यात तुझ्या बापाचा काय दोष! साचा मीच घेतला त्याच्या चेहऱ्याचा. तो गवंडी, इथल्या गुहा बांधत होता. बाहुल्यांना चेहरे हवे होते, कामगारांचेच घेतले. नाकपुड्यांत दोन नळ्या घातल्या, भुवयांना तेल चोपडलं. मला म्हणतो, ‘मेस्त्री, शिंक आली तर?’ अन् आलीच! डाव्या गालाला घडी दिसते ना, ती त्या शिंकेची.

आई : भुवया निम्म्या तुमच्या प्लास्टरलाच चिकटून राहिल्या. महिनाभर चिडवायचे सगळे.

मेस्त्री : त्याला भाजीवाला करणार, असं सांगितलं होतं साहेबांनी. बाहुला खांबाला बांधलेला बघितला तेव्हा तोही हसला. म्हणाला, ‘चला, निदान मधोमध तरी उभं केलंत.’

मुलगी : आणि भांडारातून तांब्याची तार गेली तेव्हा? तेव्हा साहेब काय म्हणाले, तेही सांगा की.

मेस्त्री : जाऊ दे.

मुलगी : म्हणाले, ‘शोधताय कशाला? चोर तर आपण आधीच बांधून ठेवलाय.’ चेष्टाच ती. पण चेष्टेचं खरं व्हायला कितीसा वेळ लागतो! त्याच संध्याकाळी पोलीस बाबांना घेऊन गेले. तीन दिवसांनी सोडलं तेव्हा त्यांना ताठ बसता येत नव्हतं. चार महिन्यांत...

आई : पुरे.

मुलगी : पुरे नाही, आई. तिथे काठीने मारलं त्यांना. इथेही काठीनेच मारतात. तिथे तीन दिवस, इथे बावीस वर्षं. आणि तुला सही जड जातेय!

आई : मी काठी बघत नाही.

मुलगी : म्हणजे?

आई : होडी वळणावर आली की मी डोळे मिटते. तीन फटके ऐकते. तिसरा झाला की उघडते. तेव्हा हे मान वळवून माझ्याकडे बघतात. होडी पुढे जाईपर्यंत बघत असतात. घरात ह्यांचा एकच फोटो आहे, त्यातही नेमके डोळे मिटलेले. ह्यांनी माझ्याकडे बघितलेलं फक्त इथेच उरलंय. त्यासाठी येते मी. तुला वेड वाटेल.

मुलगी : आई...

आई : भावोजी, काठी तेवढी काढून टाका आणि मान राहू द्या. असं नाही का जमणार? मग मी कागद परत देते. हिच्या मुलीलाही मी स्वतः घेऊन येईन. सांगेन, हे तुझे आजोबा.

मेस्त्री : नाही जमायचं, वहिनी.

आई : तुम्ही मनावर घेतलं तर काय जमत नाही!

मेस्त्री : ठेवा म्हणणाऱ्यांनी पहिला नकाशा शोधून काढलाय. जसं होतं अगदी तसंच हवंय त्यांना. नकाशात आहे ते राहणार, नाही ते निघणार. काठी नकाशात आहे.

आई : आणि मान?

मेस्त्री : मान नाही. नकाशात चोराने खाली बघून मार खायचा, एवढंच आहे.

मुलगी : मग ही मान वळते कशी?

मेस्त्री : मी वळवली. तो गेल्यानंतर महिनाभराने. खांद्यात एक चकती बसवली, मोटरला जोडली. कुणाला विचारलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आई : माझ्यासाठी केलंत?

मेस्त्री : हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण तुम्ही तर तेव्हा यायलाही लागला नव्हतात.

मुलगी : मग कुणासाठी?

मेस्त्री : तार गेली त्या दुपारी तो माझ्याबरोबर होता. इथेच, या भिंतीला गळती लागली होती. जेवणापासून दिवे लागेपर्यंत दोघं गुडघाभर पाण्यात उभे. त्याने हाक मारली तसा मी भांडारातून धावत आलो होतो, आणि किल्ली तिथेच कुलपात राहिली. माझी किल्ली. माझ्या ताब्यातलं भांडार.

मुलगी : काका, काय बोलताय तुम्ही?

मेस्त्री : त्याला न्यायला आले तेव्हा मी दारातच होतो. ‘हा माझ्याबरोबर होता’, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण ते म्हटले की पुढचा प्रश्न किल्लीचा. माझी बाळंतीण बायको घरी, नोकरी गेली तर... वाटलं, दोन तास बसवून सोडतील. नेताना त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो. आता मेस्त्री बोलेल, अशा भरवशाने बघितलं. आणि मी मान खाली घातली.

मुलगी : बावीस वर्षं! बावीस वर्षं आमच्या घरी येऊन चहा पीत होतात तुम्ही!

मेस्त्री : तेवढंच बघणं मला पाठ होतं. चकती कानशीने घासून घासून तसंच्या तसं बसवलं. रोज मशीन तपासताना त्याच्यासमोर उभा राहायचो. वाटायचं, एक दिवस मान वर करून बघता येईल. मग तुम्ही यायला लागलात. होडीतून उतरताना तुमचा चेहरा उजळलेला असायचा. तुम्ही म्हणालात, ‘हे माझ्याकडे बघतात.’ मग सांगायचं कोणत्या तोंडाने?

मुलगी : आई, चल. ऊठ. आई, ऐकतेस ना?

आई : पेन दे.

मुलगी : घरी जाऊन करू सही.

आई : इथेच करते. दे इकडे. ... झालं. काढून टाका म्हणावं, आजच. भावोजी, चार वाजता बैठकीला तुम्हीही यायचं. तार, किल्ली, दुपार, सगळं सांगायचं. सगळ्यांसमोर.

मेस्त्री : सांगतो.

आई : साहेब हसले तरी सांगायचं.

मेस्त्री : सांगतो, वहिनी. शपथ.

आई : शपथ नको. आधी हे मशीन चालू करा.

मेस्त्री : आत्ता? कालव्यात पाणी नाही. होडी नाही चालायची.

आई : होडी नको. मी जिथून बघते तिथे तुम्ही उभे राहा. पोरी, तो खटका दाब.

(मोटर घरघरते. काठी तीनदा पडते. बाहुला मान वळवतो.)

आई : मान वर करा, भावोजी. ते बघतायत.