गुरुवारी येतो म्हणाले होते

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ती बाकावर बसली होती. महिन्याभरापूर्वी गेलेल्या वडिलांच्या पाकिटात सापडलेली पावती तिच्या मुठीत होती. तिच्या आधी एका आजोबांचा नंबर होता. हातातला छोटा रेडिओ त्यांनी मेकॅनिकपुढे ठेवला होता.

"याचा गँग गेलाय, आजोबा. म्हणजे स्टेशन पकडणारा भागच."

"मग नवा घाला की."

"कंपनीच बंद पडली. नवा आणू कुठून?"

"बघा ना काहीतरी. बायको अंथरुणाला खिळलीय. उशाशी हा वाजला नाही, तर घास घेत नाही."

"अगदी असाच एक आहे फळीवर. पण तो दुसऱ्यांचा."

"मग नेत का नाहीत?"

"गुरुवारी येतो म्हणाले होते. महिना होऊन गेला."

"फोन करा की घरी!"

"नको म्हणून बजावलंय. लेक म्हणते, हे डबडं फेका, मोबाईल घेऊन देते. तिच्या नकळत नेणार होते."

"आणि ऐकणार कसा?"

"उशीखाली ठेवून. अगदी बारीक आवाजात, म्हणाले."

"येईल हो बिचारा. राहू दे त्याचा त्याला."

आजोबा आपला रेडिओ रुमालात गुंडाळू लागले.

"बोला ताई, तुमचं काय?"

तिने पावती काउंटरवर ठेवली. मेकॅनिकने नंबर वाचला आणि तिच्याकडे पाहिलं. मग फळीवरचा रेडिओ काढून त्यावरची धूळ फुंकली.

"याचा गँग काढून आजोबांना बसवून द्या," ती म्हणाली. "पण आधी एकदा लावा. मोठ्याने."