सावंतकाकांची काठी

इलेक्ट्रॉनिक ड्रमला आवाज नसतो म्हणणाऱ्याने आमच्या गिरीज गावातल्या बिल्डिंगमध्ये राहून दाखवावं! गाणं माझ्या हेडफोनमध्ये, पण प्लॅस्टिकच्या झांजांची टकटक थेट खालच्या सावंतकाकांच्या डोक्यात. शेवटी दुकानातून तीन वेगवेगळ्या रबरी झांजा वाजवून बघायला आणल्या.

काका म्हणाले, "मी खाली पलंगावर पडतो, तू वाजव. ऐकू आलं की काठीने छत ठोकतो. तिन्ही नापास झाल्या तर ड्रम विकायचा!"

पहिलीला ठकठक. दुसरीलाही ठकठक. तिसरीला एकदम शांतता! मी खूश. तेवढ्यात बेल वाजली. दारात काका, हातात काठी, चेहरा पडलेला.

"झांज पास. पण शेजारची मोनिका आंटी माझ्या ठोकण्यावर भडकलीय. तुझा तर काही भरवसा नाही, पुढेही ठोकावं लागणारच. उरलेल्यांपैकी एक झांज या काठीच्या टोकाला बांधून दे."