फळ्यावरचा आकडा अकराशे सतरा

पुरवणी जबाब

नाव : सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. कामावर सगळे ‘सबुरी’ म्हणतात. वय : ५४ वर्षे. धंदा : नोकरी, रुग्णालयाच्या संगणक विभागाचा प्रमुख. राहणार : कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार.

मी आज सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता, कोणी न बोलावता, ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो आणि या रुग्णालयात एकोणीस वर्षे नोकरीस आहे.

रुग्णांचे एक्स-रे, स्कॅन, तपासण्यांचे अहवाल असे सगळे तळमजल्यावरच्या एका मोठ्या स्टोरेज यंत्रात साठवलेले असते. त्याला दोन कंट्रोलर आहेत. एक बंद पडला तर दुसरा काम ओढतो, त्यामुळे सहसा काही अडत नाही. गेल्या गुरुवारी सकाळी ११ वाजून २६ मिनिटांनी दोन्ही कंट्रोलर एकदम बंद पडले. पाच तास एकही स्कॅन उघडला नाही. नऊ शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कुणाच्या जिवावर बेतले नाही, पण त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

त्या वेळी यंत्राच्या खोलीत माझ्या हाताखालची अभियंता एकटी होती. तिचे वय ३४. मी सबुरी, म्हणून विभागाने तिचे नाव ‘तातडी’ ठेवले आहे. तिने रागापोटी यंत्र मुद्दाम बंद केले अशी तक्रार व्यवस्थापकांनी दिली आहे. पुरावा म्हणून दारावरच्या कार्डाची नोंद आणि तिची मागच्या महिन्यातली ईमेल जोडली आहे. ‘एक दिवस हे बंद पडेल, तेव्हाच सगळ्यांचे डोळे उघडतील’ असे त्यात वाक्य आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा अहवाल यायला तीन आठवडे लागतील, आणि तिला नोकरीवरून काढण्याची बैठक आज दुपारी चारला आहे. शनिवारी माझा जबाब झाला, त्यात ‘ती खोलीत एकटी होती’ एवढेच मी सांगितले. ते खोटे नव्हते. पुढचे मी गिळले होते, ते आता सांगतो.

यंत्राच्या सॉफ्टवेअरचे नवे व्हर्जन आठ महिन्यांपूर्वी आले. नवे व्हर्जन पहिले तीन महिने घ्यायचे नाही, दुसऱ्यांना ठेच लागू द्यायची, असा माझा नियम आहे. सात वर्षांपूर्वी, आधीच्या यंत्रावर, नवे व्हर्जन आले त्याच दिवशी मी अपग्रेड केले होते आणि दोन दिवस रुग्णालय कागदावर चालवले होते. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते. हा नियम वाईट आहे असे मला आजही वाटत नाही.

पण तीन महिने झाले, पाच झाले. इतर रुग्णालयांनी अपग्रेड केले, कुठूनही तक्रार आली नाही. तातडी दर सोमवारी विचारायची, “सर, आता तरी?” मी कधी तपासणी पथकाचे कारण दिले, कधी सुट्ट्यांचे. ज्याला करायचे नसते त्याला कारणांचा तोटा नसतो.

खरे कारण यंत्राच्या खोलीच्या दाराशी टांगले होते. तिथे एक फळा आहे. यंत्र न थांबता किती दिवस चालले तो आकडा मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने लिहितो. हजार झाले तेव्हा विभागाने माझा त्या फळ्याजवळ फोटो काढला, तो अजून माझ्या टेबलावर आहे. अपग्रेड करायचे तर दोन्ही कंट्रोलर आळीपाळीने बंद करून चालू करावे लागतात. सेवा थांबत नाही, पण माझ्या हिशेबाने आकडा पुसून पुन्हा एकपासून लिहावा लागला असता. हे मी कुणाला बोललो नव्हतो. स्वतःलाही नाही.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीचे पत्र आले. जुन्या व्हर्जनवर कंट्रोलर सलग ११२५ दिवस चालले की आतला मोजणारा आकडा भरतो आणि कंट्रोलर थांबतात, त्याआधी अपग्रेड करावे, असे त्यात लिहिले होते. ‘तातडी’ने त्या ओळीखाली लाल रेघ मारून पत्र माझ्याकडे पाठवले. मी ‘पाहिले’ लिहून सही केली आणि अपग्रेडसाठी रविवार ठरवला. रविवारी फळ्यावर ११२० असणार होते. पाच दिवस हातात आहेत असे मी धरले.

गुरुवारी सकाळी मी फळ्यावर १११७ लिहिले आणि चौथ्या मजल्यावर बैठकीला गेलो. व्यवस्थापकांना तो आकडा मोठ्या अक्षरात पडद्यावर दाखवत होतो. ११ वाजून ५ मिनिटांनी तातडीचा फोन आला. तिचे बोलणे मला शब्दशः आठवते.

“सर, फळ्यावरचा आकडा उद्घाटनापासूनचा आहे. यंत्र त्याच्या आठ दिवस आधीच चालू केलं होतं, चाचणीसाठी. मी आत्ता यंत्रात बघतेय. अकराशे चोवीस दिवस, तेवीस तास, एकोणचाळीस मिनिटं. एक बाजू बंद करून चालू करते. दहा मिनिटांचं काम आहे. नुसतं हो म्हणा.”

मी म्हणालो, “फळा मी लिहितो की तू? रविवारी करू. मी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.”

ती म्हणाली, “सर, ऐका तरी.” मी फोन ठेवला. बोलणे दीड मिनिट झाले, माझ्या फोनमध्ये नोंद आहे, फोन जमा करत आहे.

एक कंट्रोलर तेव्हा बंद करून चालू केला असता तर त्याची मोजणी शून्यावर आली असती आणि त्याने पुढे काम ओढले असते. हे मला माहीत होते. एकोणीस वर्षे मी हेच काम करतो.

हे सगळे तिने शनिवारीच आपणास सांगितले होते. पुष्टी देणारा मी एकटा होतो आणि मी गप्प बसलो. निवृत्तीला चार वर्षे राहिली आहेत, हा विचार डोक्यात होता. तातडीचे आठ दिवसांचे म्हणणे वसाहतीत पसरले होते. काल जेवताना पत्नीने विचारले, “अहो, त्या दिवशी तुमच्या फळ्यावर किती होतं?” मी आकडा सांगितला. ती म्हणाली, “आणि ती पोरगी खोटं बोलते म्हणता?” मी तसे म्हटले नव्हते. पण पान तसेच ठेवून उठलो. मला स्वतःची लाज वाटली, हेही लिहून घ्यावे.

आज ठाण्यात आलो तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसलेली होती. मला पाहून उठली आणि म्हणाली, “सर, रात्रीचा बॅकअप तपासलात ना?” मी हो म्हटले. तपासला नव्हता.

तरी माझे सांगणे असे की, तिने यंत्राला हात लावला नाही. लावला असता तर ते बंद पडले नसते. मी लावू दिला नाही, म्हणून ती ११ वाजून २६ मिनिटांपर्यंत त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. फळ्याचा फोटो पंचनाम्यात आहेच. त्यावरचे अक्षर माझे आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी ‘दोन्ही कंट्रोलर आपोआप बंद पडले’ असे आले होते. त्यातला ‘आपोआप’ हा शब्द मी खोडायला लावला आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे.