डब्याच्या तळाचं टरफल

मी मूळचा भोकरकडचा. बाप लोकाच्या वावरात सालगडी, माय रोजानं जायची, आम्ही पाच भावंडं. शाळा म्हणाल तर दुसरी, त्यातबी मास्तर मारायचा म्हणून अर्धीच दुसरी. सही येती, वाचता जेमतेम येतं, म्हणून तर सर तुम्ही लिहून राहिलात आन् मी बोलून राहिलो. जसं बोलतो तसंच लिहा, गोड करू नका. मी काही गोड माणूस न्हाई.

मिसरूड फुटायच्या आत लातूरला आलो, डाळ मिलमध्ये. आधी हमाली केली, पाठीची सालटी निघायची, मग मुकादमानं पाहिलं का ह्याला माल कळतो. तुरीचा दाणा दाताखाली धरला का मी सांगायचो, ओला हाय, अजून दोन दिवस ऊन पाहिजे. मग मला परखीवर घेतलं. परखी म्हणजे काय सांगू तुम्हाला, टोकदार लोखंडी नळी असती, ती पोत्यात खुपसायची आन् तळाचा दाणा बाहेर काढायचा. कारण लोक वर चांगला माल भरत्यात आन् खाली भुसा, टरफल, माती. मी कुणाला सोडलं न्हाई. भल्या भल्या व्यापाऱ्यांच्या गाड्या परत पाठवल्या, म्हणायचो, शेठ, वरचं मला दाखवू नका, तळाचं दाखवा. सगळी मिल मला परखीमामा म्हणायची. लई गर्व होता सर त्याचा.

सुभद्रा माझी बायको, चाकूरकडची. बोलायला कमी पण बोलली का टोचायची. भाकर पुढं ठेवायची आन् म्हणायची, घाला परखी, खाली करपली का बघा. एकच पोरगी झाली आम्हाला, ती नांदेडला दिली. तिच्या लग्नाला सुभद्राच्या नावावर बायांच्या गटातून कर्ज काढलं. त्या गटाची रीत अशी का एकीनं हप्ता न्हाई भरला तर बाकीच्यांनी मिळून तिचा भरायचा. म्हणजे कर्ज एकीचं आन् फास सगळ्यांच्या गळ्याला.

लग्न झालं आन् त्याच वर्षी मिलमध्ये मशीन आली. तिला आतून डोळे असत्यात म्हणे, एकएक दाणा बघती आन् खराब दाणा फुंकून बाहेर टाकती. मालक म्हणाला, मामा, लई कष्ट केले तुम्ही, आता आराम करा. आराम म्हणे! घरात पीठ न्हाई आन् आराम करा म्हणतो. मोंढ्यात फिरलो, दुकानं फिरलो, सगळे म्हणायचे वय किती. हमालीला पाठ राहिली नव्हती आन् दुसरं काही येत नव्हतं. मशीननं मला बी खराब दाण्यासारखं फुंकून टाकलं.

हप्त्याच्या दिवशी गटाच्या बाया दारात येऊन बसायच्या. मी सकाळीच निघून बसस्टँडवर जाऊन बसायचो, गाड्यांच्या पाट्या वाचत. उदगीर, निलंगा, देवणी. कुठं जायचं नव्हतं. सुभद्रा एकटी त्यांच्या पुढं बसायची. त्या म्हणायच्या, नवरा कुठंय गं, का पलंगाखाली लपवलास? ती म्हणायची, काम शोधून राहिलेत. तिला मालूम होतं मी कुठं बसतो ते.

त्या गटात बायजाबाई होती, गल्लीच्या टोकाला राहायची, ख्रिस्ती. तोंडानं लई फटकळ. तिनं सुभद्राचा एक हप्ता गुपचूप भरला आन् एक दिवस दारात धान्याची पिशवी आणून ठेवली. मी उघडून बघतो तर ज्वारी, गहू, तांदूळ, हरभरा, सगळं एकात. माझं टाळकं सरकलं. म्हणलं, हे काय बाई, कोंबड्याला आणलंस का? मिलमध्ये असला माल आला असता तर गाडीसकट परत पाठवला असता. ती म्हणली, मामा, हे एका घरचं न्हाई. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाया दोन्ही टाइम चूल पेटवायच्या आधी एक मूठ बाजूला डब्यात काढत्यात, महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांचे डबे एका पोत्यात ओतत्यात, आन् ज्याच्या घरी न्हाई त्याला देत्यात. खायचं तर खा, न्हाईतर कोंबड्या पाळ.

दुपारभर मी आन् सुभद्रा सूप घेऊन निवडत बसलो. नुसती ज्वारीच चार तऱ्हेची निघाली. एक टपोरी, एक लाल, एक जुनी, एक अगदी बारीक, रेशनची. म्हणजे ज्याच्या घरी रेशनवर चाललंय त्यानं बी मूठ काढली होती. त्या दिवसांत माझ्या मनात भलतं भलतं यायचं सर, वाटायचं आपण गेलो तर कुणाला काय फरक पडतो. आन् इथं कितीक घरांनी मला न बघता, माझं नाव मालूम नसताना, माझ्या वाटची मूठ काढली होती. लई दिवसांनी वाटलं का उद्याचा दिवस बघावा.

पण माणूस एका पिशवीनं सुधरत न्हाई. मी तरी न्हाई सुधरलो.

सुभद्रा बायजाबाईसंगं प्रार्थनेला जायला लागली आन् तिनं बी तेलाचा जुना डबा घासून मुठीला लावला. मी लई भांडलो. म्हणलं, मागून आणलेल्यातलं परत देतीस, डोकं फिरलं का? ती म्हणली, मूठ काढली का मला वाटतं आपल्या घरी हाय. भोकरहून भाऊ आला, तो म्हणला, काय रे, किती दिले तुला धरम बदलायचे? मी म्हणलं, द्यायचं सोड, आमच्याच घरातली मूठ नेऊन राहिलेत. हसला तो. मी बी हसलो. सुभद्रा न्हाई हसली.

आता ते सांगतो जे सांगायला तुम्हाला बोलावलं.

मी त्या डब्यातलं चोरायला लागलो. गल्लीमागं एक जण धान्यावर दारू द्यायचा. पहिल्यांदा दोन ओंजळी, मग रुमालभर. डबा खाली जायला लागला तवा भीती वाटली. मग मी काय केलं, मिलच्या भिंतीला तुरीचं टरफल उडून पडलेलं असतं, ते गोळा केलं. टरफल हलकं, वजनात कळंल, म्हणून त्यात माती कालवली. ज्वारी काढली, तळाला ते भरलं, वर ज्वारी पसरली. बघा सर, जिंदगीभर ज्या चोरांना पकडलं त्यांचीच विद्या मी बायकोच्या डब्यात लावली. मला वाटलं तिथं कोण परखी घालतंय.

महिन्याचा पहिला रविवार आला. सुभद्रा म्हणली, आज चला, उपासना झाल्यावर जेवण हाय. जेवणासाठी गेलो. चपला काढायच्या जागी उभा राहिलो. मला वाटलं होतं डबे तसेच ठेवून घेत असतील. तसं न्हाई. समोर पोतं, बायजाबाई पोत्याचं तोंड धरून उभी, आन् एकएक बाई येऊन सगळ्यांसमोर डबा उपडा करती. ओरडावं वाटलं, थांब म्हणावं वाटलं. पण म्हणलो न्हाई. सुभद्रानं डबा उपडा केला. आधी ज्वारी पडली, मग धप्पदिशी टरफल आन् माती. सगळ्यांच्या दाण्यावर. धुरळा उडाला.

बायजाबाई किंचाळली, अगं देवाला माती आणलीस का गं? तुझ्या दारात पिशवी मी आणून ठेवली आन् तू हे ओततीस?

सुभद्रानं वळून माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग खाली बघून म्हणली, माझंच चुकलं. घरात न्हाई म्हणून मी तळ भरला. मला माफ करा.

मग ती तिथंच बसली, सूप मागून घेतलं आन् ते अख्खं पोतं एकटीनं निवडलं. सगळे जेवले, ती निवडत होती. आन् मी जेवलो सर. भात, रस्सा, दोनदा वाढून घेतलं. हे लिहा. जेवलो म्हणून लिहा.

घरी आल्यावर मी म्हणलं, का बोललीस असं, माझं नाव सांगायचं ना. ती पाय धूत होती. म्हणली, काम गेलं, आता परखीमामा हे नावच राहिलंय तुमच्याकडं. ते बी घालवू का?

सुभद्रा प्रार्थनेवरून येऊन सांगायची, पास्टर म्हणत्यात का येशूनं दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला. मला पटायचं न्हाई, म्हणायचो असं कोण करतं का. त्या दिवशी मी करताना बघितलं, सहा हातांवरून. दारू तिथं सुटली. पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा गुडघे टेकले. पुढं बाप्तिस्मा घेतला, एका हॉस्टेलवर वॉचमनचं काम मिळालं, सुभद्रानं पोरांच्या मेसमध्ये चपात्या लाटल्या. तिच्या चपात्यांनीच कर्ज फिटलं, माझ्या शिट्टीनं न्हाई.

मंडळीत साक्ष द्यायची रीत असती, उभं राहून सांगायचं का देवानं आपल्यासाठी काय केलं. मी कैकदा दिली. पिशवीचं सांगायचो, दारूचं सांगायचो, लोक डोळे पुसायचे. डब्याचं कधी सांगितलं न्हाई. प्रार्थनेत भाकरीचं मागणं येतं ना, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, तिथं माझं तोंड बंद व्हायचं, नुसते ओठ हलवायचो. सुभद्रा बाजूला बसायची, तिला कळायचं, पण ती मोठ्यानं म्हणायची, दोघांचं. आन् बायजाबाई पुढं कितीक वर्षं सुभद्राचा डबा आला का आधी हात घालून तळ चाचपायची, मगच पोत्याचं तोंड धरायची. सुभद्रा उभी राहायची, मान खाली घालून. मी बघायचो. दर महिन्याला बघायचो. आज सांगू, उद्या सांगू. मग सुभद्राला कावीळ झाली, आठ दिवसांत गेली. दोन वर्षं झाली. पेटीला खांदा दिला तवा बी तोंडात होतं, सांगितलं न्हाई.

मागच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उभा राहिलो. साक्ष न्हाई म्हणलं, गुन्हा सांगतो. सगळं सांगितलं, टरफल, माती, जेवण. पास्टर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, मामा, देवानं माफ केलंय. तेवढ्यात बायजाबाई मधीच उठली. म्हणली, देवानं केलं असंल, मी न्हाई केलं. मेल्या, आता सांगतूस? इतकी वर्षं मी तिच्या डब्यात हात घालत होते, तवा माझा हात धरायला तुला काय झालं होतं? आता मी कुणाची माफी मागू? आन् रडत बाहेर गेली. तिचं खरं हाय. माझ्यामुळं तिच्या पदरात बी पाप पडलं.

पोरगी नांदेडला ये म्हणती. न्हाई जात. आता एकटाच करून खातो. चूल पेटवायच्या आधी दोन मुठी काढतो, एक माझी, एक सुभद्राची. डोळ्यानं नीट दिसत न्हाई तर बोटानं चाचपून निवडतो, एक टरफल राहू देत न्हाई.

काल पहिला रविवार होता. डबा घेऊन गेलो. बायजाबाई पोत्यापाशी होती, माझ्याशी बोलत न्हाई अजून. तिनं माझ्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला, मूठभर वर काढून बघितलं. सगळे बघत होते. मी मान खाली घातली न्हाई. म्हणलं, बघ बाई, नीट बघ. मग तिनं पोत्याचं तोंड धरलं आन् मी ओतलं. काल भाकरीचं मागणं मोठ्यानं म्हणलो सर, आवाज फाटला पण म्हणलो.

लिहिलं ना सगळं? तिचं नाव ठळक काढा, सुभद्रा. माझं न्हाई काढलं तरी चालंल. तुमच्या घरात देवानं दाणा कमी पडू देऊ नये. थांबा, चहा ठेवतो.