तिच्या बुटातल्या गाद्या

"...त्या टाचेपायीच तर! आता कायमची जाणार ती इथून. दुकानाला कुलूप, घर रिकामं, आणि सामान तर सगळं—"

आणि धाडकन दार लागलं हो! तुम्हाला सांगते, माणसाने बोलावं तर पुरतं बोलावं, नाहीतर जिन्यात उभं राहून फोनवर बोलूच नये. पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई त्या. आवाज असा खणखणीत, पण नेमक्या वेळी आत जातात! मी आपली जिन्याचा कठडा पुसत होते. आता तिसऱ्या मजल्यावर राहणारी बाई पहिल्या मजल्याचा कठडा कशाला पुसते, असं आमच्या ह्यांनीही विचारलं, ते सोडा. मुद्दा तो नाही! मुद्दा असा की अख्ख्या इमारतीत दुखरी टाच एकीचीच. माझ्या समोरच्या दारातली, केस कापणारी. कोपऱ्यावर तिचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. म्हणजे जाणार कोण? तीच!

मला काय करायचंय म्हणा!

पण एकोणीस वर्षं, अहो, एकोणीस वर्षं तिचं दार माझ्या दारासमोर. मी आजारी होते तेव्हा सहा दिवस माझ्या घरात चटई टाकून झोपली होती ती. आमचे हे दिवसाला फार तर अकरा शब्द बोलतात, त्यातले चार 'हं' असतात. ती गेली तर मी बोलायचं कोणाशी? कठड्याशी?

टाचेचं असं होतं, की सकाळी पलंगावरून पहिला पाय खाली टेकवला की बाई कळवळायची. "खिळा घुसतो गं खिळा!" मग भिंतीला धरून धरून मोरीपर्यंत. दहा पावलं चाललं की जरा सैल पडायचं, आणि संध्याकाळी दुकानातून येताना परत तेच, एकेका पायरीवर थांबत. तीस वर्षं उभं राहून केस कापले, पाय तक्रार करणारच की! शेवटी डॉक्टरांनी तपासलं, पोटरी ताणायचे व्यायाम दिले, आणि पायाच्या मापाच्या इनसोल करून घ्या म्हणाले. इनसोल म्हणजे बुटाच्या आत घालायची गादी. मी लगेच चप्पल घातली. ती म्हणाली, "तू कुठे?" म्हटलं, "सोबत नको का कोणी?" मला काय करायचंय म्हणा, पण बाई लंगडत एकटी जाणार?

तो साचेवाला म्हणजे एक चष्मेवाला, मितभाषी माणूस. खोलीत सरसाचा वास, भिंतीवर पायांचे साचे ओळीने टांगलेले, जसे काही माणसं आत गेली आणि पाय बाहेर ठेवून गेली! त्याने मऊ फोम भरलेला खोका पुढे केला, तिचा पाय त्यात दाबला, ठसा उमटला. मग तिला व्हरांड्यात अनवाणी चालवलं, जा, या, जा, या. मग तिचे जुने बूट उलटे करून तळ बघितला, आणि म्हणतो कसा, "तुम्ही खुर्चीच्या उजव्या अंगाला उभ्या राहता ना? भार सगळा डाव्या टाचेवर."

मी चाटच पडले! एकोणीस वर्षं मी त्या बाईवर नजर ठेवून आहे, म्हणजे लक्ष ठेवून आहे, मला हे दिसलं नाही, आणि ह्याने बुटावरून ओळखलं!

म्हटलं, "चांगली मऊ करा हं, कापसासारखी."

"काकू, मऊ नाही, आधार हवा. मऊ गादीत पाय बुडतो. ही तळपायाची कमान उचलून धरेल, टाच वाटीत बसवेल. भार सगळीकडे वाटला जाईल, म्हणजे टाचेला जी ओढ बसते ती कमी होईल. पण जादू नाही ही. काही आठवडे लागतील."

दहा दिवसांनी इनसोल आल्या. मी बोटाने वाजवून पाहिल्या तर टकटक! लाकूड बरं! आणि वर त्याची सूचना, "पहिल्या दिवशी एक तास घाला, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत जा. पायाला सवय होऊ दे." झालं! म्हणजे ही तासभर इनसोलचे बूट घालणार, बाकी दिवसभर जुन्या सपाट सपाता घालून दुकानात, आणि ते बूट तिच्या दाराबाहेरच्या फळीवर नुसते बसून!

आता तुम्हीच सांगा, माझ्या मनात दुसरं काय येणार? आमच्या माहेरी नवा बूट आला की तो आधी मोठ्या काकांच्या पायात. काकांचा पाय दांडगा. आठवडाभर ते घालून फिरायचे, बूट सैल करून द्यायचे, मग ज्याचा त्याला. एकालाही कधी बूट चावला नाही! आणि माझं माप तेच तिचं माप. म्हटलं, बिचारीने एकेक तास कुठवर काढायचा? दोघींनी मिळून वापरल्या तर निम्म्या दिवसांत मऊ होतील!

मला काय करायचंय म्हणा, पण डोळ्यांसमोर बूट रिकामे बसलेत!

रोज दुपारी एक ते चार. ती दुकानात, तिचे बूट माझ्या पायात. स्वयंपाकघरातून गच्चीवर, गच्चीवरून खाली, खालून पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी माझा गुडघा बोलायला लागला, पाचव्या दिवशी कंबर. आमचे हे म्हणाले, "लंगडतेस का?" बघा, अकरातले दोन शब्द त्यावर खर्च केले! म्हटलं, "हवा बदलली."

आणि आणखी एक. बूट पुसताना मला दिसलं, की बुटातली मूळची पातळ गादी कुणीतरी उपटून फळीच्या मागे टाकलीय. म्हटलं, विसराळू मेली! मी ती परत आत घातली, वरून इनसोल. एकावर एक दोन. आणखी मऊ!

आठव्या दिवशी ती माझ्या दारात येऊन मटकन बसली. "आधीपेक्षा जास्त दुखतंय गं. बुटातून टाचच वर निसटते. काही उपयोग नाही ह्याचा. बरं झालं मी ठरवून टाकलं."

"काय ठरवलंस?"

"काही नाही."

काही नाही! अहो, मला धडकीच भरली. दुकानाला कुलूप, घर रिकामं! म्हटलं, चल, ऊठ, त्या चष्मेवाल्याला जाब विचारू. मीच तिला दंडाला धरून नेलं, मीच तावातावाने म्हटलं, "हे काय बनवून दिलंत तुम्ही?"

त्याने शांतपणे बुटातून इनसोल काढली. तिच्याखालून ती पातळ गादी काढली. चिमटीत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. "ही मी काढून दिली होती. ही खाली राहिली तर पाय वर उचलला जातो, टाच निसटते, सगळा आधार चुकीच्या जागी येतो. ही परत कोणी घातली?"

मी भिंतीवरचे साचे मोजायला लागले.

मग त्याने इनसोल दिव्याखाली धरली. "आणि हिच्यात दोन माणसं चालली आहेत."

"काय?" ती म्हणाली.

"हे बघा बोटांचे ठसे. हा अंगठा तुमचा. आणि हा आणखी एक, आतल्या बाजूला दाबणारा, रुंद."

रुंद! माझ्या अंगठ्याला रुंद म्हणाला तो!

तिने सावकाश मान वळवून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मी म्हटलं, "अगं, मऊ करून देत होते..." आणि सगळं सांगून टाकलं, काकांपासून गच्चीपर्यंत. साचेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि ती? "अगं बाई, घरात डोकावतेस, ते मी एकोणीस वर्षं चालवून घेतलं. आता बुटातसुद्धा?"

चिडली होती हो. घरी येईपर्यंत, लंगडत का होईना, माझ्या चार पावलं पुढेच चालली.

त्याने वरचं अस्तर नवं लावून दिलं, आतला कडक भाग शाबूत होता म्हणाला. सपातांऐवजी दुकानात टाचेला आधार देणारं काहीतरी घाला म्हणाला, भिंतीला हात टेकून पोटरी ताणणं सोडू नका म्हणाला. आणि मी फळीकडे बघायचंसुद्धा नाही, असं ठरलं. बघत होते, पण लांबून.

पाचवा आठवडा होता. तिची सकाळ मला दारापलीकडून ऐकून पाठ आहे. एक पाऊल, कळ, थांबणं, भिंतीवर हात. त्या दिवशी पाऊल आलं, पाठोपाठ दुसरं, तिसरं, सरळ मोरीपर्यंत! मी हातातलं भांडं ठेवलं आणि इकडे एकटीच रडले. मला काय करायचंय म्हणा... पण रडले.

मग धावत गेले. "म्हणजे आता जात नाहीस ना तू?"

"जाणार ना! आठ तारखेला."

"अगं पण टाच?"

"टाच निम्म्याहून बरी आहे. म्हणून काय रोज तीन मजले चढू? तळमजल्यावरची मागची जागा घेतलीय."

"आणि दुकानाला कुलूप?"

"दुपारी दोन तास. जरा बसायला नको का माणसाने?"

बघा! शिकवणीच्या बाई! घर रिकामं, ते खरं. सामान हलणार, तेही खरं. पण जाणार कुठे, तर खाली!

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला? तूच आधी आठवडाभर राहून जागा मऊ करून ठेवली असतीस!"

गेली ती. आता मी रोज चार वेळा खाली जाते. उतरताना काही नाही हो, चढताना गुडघा असा ओरडतो! शेवटी तिनेच मला दंडाला धरून साचेवाल्याकडे नेलं. त्याने माझा पाय खोक्यात दाबला, कागद पुढे ओढला. "काकू, काम काय करता? दिवसातून उभ्या किती वेळ असता?"

म्हटलं, "घरकाम. फार तर दोन तास."

ही मागून म्हणते, "आणि लोकांच्या दाराबाहेर तीन."

आणि त्याने लिहून घेतलं हो!