उजव्या हातावर दही

मी मूळची मिरजेची, आणि संशयी मी माहेरापासूनच. आई म्हणायची, ही पोर दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघते. लग्न करून लेस्टरला आले, आमचे हे इथे हॉस्पिटलमध्ये हाडांचे डॉक्टर, आणि काय सांगू तुम्हाला, परक्या देशात संशय वाढतोच, शेजारीण गुड मॉर्निंग म्हणाली तरी मला वाटायचं, हिला काय हवंय?

सात-आठ वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, लेक युनिव्हर्सिटीत गेली, तिची रूम रिकामी, तर ह्यांच्या ओळखीचे इथल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, आमच्या गोलकीपरला लॉजर म्हणून ठेवून घ्या. स्लोव्हेनियाचा, यानेझ नाव, ताडमाड उंच. मी म्हटलं, अहो, हा देश आहे तरी कुठे? हे म्हणाले, नुकताच वेगळा झालाय. म्हटलं, बघा, देशाचाच पत्ता नाही तर ह्याचा कसा लागायचा?

तशी वागणूक चांगली हो, शूज दारात काढायचा, वरणभात खायचा. पहिले दोन सीझन त्याने गाजवले, लोकल पेपरात फोटो आला. पण तिसऱ्या सीझनला माझ्या लक्षात यायला लागलं, फ्रीजरमधली मटारची पिशवी जागेवर नसते, आणि सापडली की वितळून परत गोठलेली, सगळा एकच गोळा. आणि हा दार लावून बसायचा, चहाचा मग डाव्या हातात. मी म्हटलं, ड्रग्ज. हे म्हणाले, मटारात? म्हटलं, हसा तुम्ही, पोलीस दारात आले की बोलू.

मग त्यांची कपमधली मोठी मॅच आली. ती चांगली गेली तर वरच्या लीगमध्ये काँट्रॅक्ट, नाहीतर वर्क परमिट संपून घरी. आता संशय असो नाहीतर काही असो, घरातून मूल एवढ्या मोठ्या कामाला निघालं की मी हातावर दही ठेवणारच, लेकीला परीक्षेला जाताना ठेवायची तसंच. यानेझला ते माहीत होतं, दर मोठ्या मॅचला घ्यायचा. त्या दिवशी त्याने डावा हात पुढे केला. म्हटलं, उजवा. नको म्हणाला. मी मनगट धरून ओढलं, तर एवढा मोठा माणूस मटकन जिन्याच्या पायरीवर बसला, पांढराफटक. मनगट सुजून टम्म झालेलं, म्हणजे मटारची गार पिशवी ह्यावर ठेवून शेकत होता.

म्हणाला, आँटी, प्लीज, डॉक्टरांना सांगू नका, ते सेक्रेटरींना सांगतील. आणि मला, खरं सांगते, त्या क्षणी ह्यांचाही संशय आला, सांगतीलही म्हटलं, दोस्तच ना. पण हाड ते हाड, मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी नीट दाबून बघितलं, म्हणाले, मी कुणाला काही बोलणार नाही, पण आज खेळलास तर हा हात पुन्हा बॉल धरणार नाही. यानेझ माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मीच तो हात मोडला. मग पट्टी बांधून घेतली आणि मॅचला गेला.

एक गोल होऊ दिला नाही हो त्याने. शेवटचा शॉट त्याच हाताने अडवला, आम्ही रेडिओवर ऐकत होतो, तिकडे लोक ओरडत होते आणि इकडे मी रडत होते. काँट्रॅक्ट काही आलं नाही, ऑपरेशन आलं, मग दुसरं आलं. ऐन तिशीत रिटायर झाला.

आता तिकडे स्लोव्हेनियात, त्याच्या गावी मुलींच्या टीमला शिकवतो. लग्न झालंय, तान्ही मुलगी आहे. अधूनमधून फोन करतो, म्हणतो, आँटी, हात एकदम ओके, बाळाला मी त्याच हातावर झोपवतो. मी म्हणते, छान. पण मला नाही पटत, ह्याने आधीही असंच लपवलं होतं. बोलू दे खोटं बोलत असेल तर. देवा, बाकी काही मागत नाही, त्याच्या त्या हातातून तेवढी पोर निसटू देऊ नकोस.